लाकूड वाळवा, मग सुताराला बोलवा



गळीत हंगाम तोंडावर आला की बांधावरची बाभळ तोडायची आणि आठ-पंधरा दिवसांत जू किंवा गाडीचा साटा करून घ्यायचा, ही चाल आम्ही गावोगाव पाहतो. नवे असताना सांधे घट्ट बसतात. पुढे कोरड्या हवेत लाकूड आटते, सांधे खुळखुळतात, फळ्यांना भेगा पडतात. तोडलेला ऊस फडात आणि गाडी सुताराच्या दारात! उसाचे वजन रोज घटते, नुकसान आपलेच. म्हणून चार गोष्टी समजून घेऊ.

ओल कशी मोजतात? लाकडाचा लहान तुकडा तोलावा. सुमारे १०३ अंश सेल्सिअसवर, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवून पुन्हा तोलावा. घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागून १०० ने गुणावे. ६४ ग्रॅमचा तुकडा ५० ग्रॅम झाला, तर ओल २८ टक्के. कारखान्यात बगॅसची ओल ओल्या वजनावर काढतात, लाकडाची मात्र कोरड्या वजनावर. म्हणजे ५० टक्के ओलीचा बगॅस लाकडाच्या हिशेबाने १०० टक्के ओलीचा ठरेल!

लाकूड आटते केव्हा? आधी पोकळ्यांतले पाणी जाते, तेव्हा लाकूड आटत नाही. ओल साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेली की पेशींच्या भिंतींतले पाणी निघते आणि आटणे सुरू होते. वर्तुळांच्या दिशेने ते गाभ्याच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आटते, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणूनच फळी पीळ खाते.

घरच्या घरी वाळवण

१) तोडीला लागणारी परवानगी आधी घ्यावी. तोड दिवाळीनंतर करावी. कडक उन्हात लाकूड वरून झटकन वाळते, आत ओले राहते आणि फुटते.

२) ओंडका लगेच चिरून घ्यावा. फळ्यांच्या टोकांना डांबर किंवा घट्ट रंग लावावा, कारण टोकांतून पाणी फार लवकर जाते.

३) जमिनीपासून हात-दीड हात उंच, सपाट बैठकीवर सावलीत थर रचावेत. दर दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या, सर्व एकावर एक ओळंब्यात ठेवाव्यात. वर वजन ठेवावे.

४) एका फळीवर खूण करून ती दर पंधरा दिवसांनी तोलावी. वजन घटायचे थांबले की लाकूड हवेशी जुळले. इंचभर फळीलाही काही महिने लागतात, जाड नगाला त्याहून जास्त.

बाभळीचा ओंडका काही महिने पाण्यात मुरवण्याची जुनी रीत चांगली आहे. किडीचे खाद्य असलेला पिठूळ अंश त्यात कमी होतो. पण मुरवणे म्हणजे वाळवणे नव्हे. बाहेर काढल्यावर वाळवावेच लागते.

मोठ्या वखारीत भट्टीत उष्णता, दमटपणा आणि वारा तिन्ही ताब्यात ठेवून हेच काम थोड्या दिवसांत होते. नुसती आग वाढवली तर तेथेही लाकूड फुटते.

ओल २० टक्क्यांखाली राहिली तर लाकूड कुजत नाही. दारे-खिडक्यांसाठी त्याहून कोरडे हवे. वाळलेले लाकूडही पावसाळ्यात ओल ओढते, तेव्हा तेल किंवा रंग द्यावा.

या हंगामात तोडलेले लाकूड पुढच्या हंगामाच्या गाडीला, एवढा नेम सभासदांनी धरावा, ही विनंती.