काळ्या तेलाची नोंदवही

जळगाव व धुळे या कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांत जिनिंग कारखाने चालतात. तेथील यंत्रांतून काढलेले काळे तेल केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक टाकाऊ पदार्थांत मोडते. ते नाल्यात ओतल्यास काठच्या विहिरींच्या पाण्यास बाधा पोहोचते. यास्तव कारखानदाराने पुढील गोष्टी पाळावयाच्या असतात :

१. किती तेल निघाले, किती साठविले व कोणास दिले, याची नोंद नमुना ३ मध्ये ठेवावी.

२. साठा सामान्यतः ९० दिवसांहून अधिक काळ ठेवू नये.

३. तेल अधिकृत व्यावसायिकासच द्यावे. सोबत नमुना १० मधील वाहतूकपत्र असावे.

४. मार्चअखेरच्या वर्षाचे विवरण नमुना ४ मध्ये ३० जूनपर्यंत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळास सादर करावे.

समजा, मागील शिल्लक ४० लिटर होती, नवे ६० लिटर निघाले व ८० लिटर दिले. तर पिंपात २० लिटर तेल असावयास हवे. ते कमी भरल्यास उरलेले कोठे गेले, हा प्रश्न उभा राहतो. नोंदवहीचे महत्त्व यातच आहे.

नाल्यावर तेलाचा तवंग दिसल्यास गावच्या कार्यकर्त्यांनी जागा व दिनांक लिहून घ्यावा आणि मंडळाच्या कार्यालयास लेखी कळवावे.