घोरपड मोठी की चतुर?

मेकॅनिकलला आल्यापासून मला जिथे तिथे इंजिनच दिसतं! ऑक्टोबरमध्ये आजोळी वेंगुर्ल्याला गेले होते. गडग्यावर एक घोरपड ऊन खात पडली होती आणि अंगणावर पिवळसर चतुर घिरट्या घालत होते. (कॉन्व्हेंटमुळे मला फक्त 'ड्रॅगनफ्लाय' ठाऊक. 'चतुर' हे नाव आजोबांनी सांगितलं.) मामेभावाने घोरपडीवर दगड उचलला, तसे आजोबा ओरडले, "मेल्या, तिना तुझा काय केल्यान?"

तेव्हापासून डोक्यात तुलना सुरू झाली. घोरपड शेपटीसकट दीड मीटरच्या वर जाते. हा चतुर, म्हणजे पँटाला फ्लॅव्हेसेन्स, जेमतेम साडेचार सेंटिमीटर. मग दमदार इंजिन कोणाचं?

आधी हवेचा पुरवठा बघू. पाल-सरडे पळताना अंग डावी-उजवीकडे वळवतात. बरगड्यांचे तेच स्नायू श्वासालाही लागतात, त्यामुळे पळताना दम अपुरा पडतो. घोरपडीच्या कुळाने यावर तोड काढली आहे. गळा फुगवून हवा फुप्फुसात ढकलायची, म्हणजे चक्क पंप! आफ्रिकेतल्या एका घोरपडीवर प्रयोग करून १९९९ साली हे दाखवलं गेलं. चतुराला फुप्फुसंच नाहीत. अंगावरच्या छिद्रांतून बारीक नळ्यांनी हवा थेट स्नायूंपर्यंत जाते. लहान देहाला ही पाइपलाइन उत्तम, पण घोरपडीएवढ्या देहाला ती पुरणार नाही.

आता रेंज. घोरपड आपला परिसर धरून राहते. चतुर मात्र भारतातून मालदीवमार्गे, वाऱ्यावर स्वार होऊन पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, असं चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं. जाऊन-येऊन १४ ते १८ हजार किलोमीटर! अर्थात परत येतात ते त्यांचे वंशज.

म्हणजे मोठं कोण, हा प्रश्नच चुकीचा. दोघांची डिझाइन्स आपापल्या जागी फिट आहेत. ती जागा राहिली पाहिजे, एवढंच.

घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. तिला मारणं, पकडणं गुन्हा आहे. चतुराच्या डबक्याला कोणाचं संरक्षण? तो अंडी घालतो पावसाच्या उथळ पाण्यात. त्याची पिल्लं तिथे डासांच्या अळ्या खात दीड-दोन महिन्यांत पंख मिळवतात. आजोळच्या मागे जांभ्याच्या सड्यावर अशी बरीच डबकी होती. यंदा त्यांतली दोन मातीने बुजवलेली दिसली.

भावाने दगड टाकला, पण मातीचा ट्रक कोण थांबवणार? पुढे साइटवर उभे राहणारे इंजिनिअर आपणच आहोत ना!