नसलेल्या मुलाचा शोध

‘पेपरात आले आहे’ असे म्हटले की आपण पुढे काही विचारत नाही. हा विश्वास कशावर उभा असतो, हे एका घडलेल्या गोष्टीवरून पाहू.

२८ सप्टेंबर १९८० रोजी अमेरिकेतील ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकाच्या पहिल्या पानावर जिमी नावाच्या आठ वर्षांच्या मुलाची हकिकत आली. त्याला घरातच हेरॉइन टोचले जाते, असे जॅनेट कुक या बातमीदार बाईंनी लिहिले होते. वॉटरगेट प्रकरण उजेडात आणण्यात याच पत्राचा मोठा वाटा होता. त्यामुळे वाचकांनी शंका घेतली नाही. पोलिसांनी शहरभर शोध केला. मुलगा सापडला नाही.

१३ एप्रिल १९८१ रोजी या लेखास पुलित्झर पारितोषिक जाहीर झाले. तेव्हा बाईंनी दिलेली स्वतःच्या शिक्षणाची माहिती खोटी असल्याचे उघड झाले. चौकशीत त्यांनी कबूल केले की, जिमी नव्हताच. दोन दिवसांत पारितोषिक परत करण्यात आले.

येथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली : संपादकांनी मुलाचा ठावठिकाणा आग्रहाने विचारला नाही. मन कळवळले की प्रश्न विचारणे निष्ठुरपणाचे वाटते. पण एका खोट्या जिमीमुळे, खरोखर संकटात असलेल्या मुलांची हाकही लोकांना खोटी वाटू लागते.

दुसरी : पत्राने चूक झाकली नाही. वाचकांच्या तक्रारी पाहणारे बिल ग्रीन यांनी, आपल्या कचेरीत कोठे काय चुकले याचा सविस्तर वृत्तांत १९ एप्रिल रोजी त्याच पत्रात छापला. चूक न होणे कोणाच्याही हाती नाही. ती उघडपणे मान्य करणे हाती आहे.

आज आजारी बालकाचे छायाचित्र मोबाईलवर येते आणि आपण ते घाईने दहा जणांना पाठवतो. त्या क्षणी बातमीदार आपणच असतो. हेतू चांगला असला म्हणून खोटी साक्ष खरी होत नाही. नववी आज्ञा तेथेही लागू आहे.

वर्गात चर्चेसाठी :
१) ही बातमी प्रत्यक्ष कोणी पाहिली, हे आपण शेवटचे केव्हा विचारले?
२) आपण पसरवलेली चुकीची बातमी आपण त्याच लोकांपुढे दुरुस्त केली काय?