आजोबांचा चाकू आणि माझी कानस

आधी एक कबुली. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ हा विषय मला थर्मोडायनॅमिक्सपेक्षाही जड जातो. चुका दिसल्या तर संपादकांच्या माथी मारा! पण हा लेख इंग्रजीत लिहिला असता तर आजोबांनी तो वाचला नसता, म्हणून मराठी विभागात.

आजोबांकडे एक घडीचा चाकू आहे. 1986 साली मोठे काका कंपनीच्या कामाने फ्रान्सला गेले होते, तेव्हा त्यांनी आणलेला. मला आठवतं तेव्हापासून दुपारी चारला आजोबा आरामखुर्चीत बसणार, सदऱ्याच्या खिशातून चाकू काढणार आणि पेरू, चिकू जे असेल ते कापून पहिली फोड आम्हा नातवंडांना देणार. मागच्या पावसाळ्यात हे थांबलं. त्यांच्या बोटांना संधिवात, त्यात दमट हवेने चाकूचं लाकूड फुगलेलं. पातं काही केल्या उघडेना. दोन-तीन दिवस त्यांनी मला हाक मारून तो उघडून घेतला. मग एक दिवस म्हणाले, "राहू दे, तुझ्या आईला सांग विळीवर कापायला." आणि चाकू ड्रॉवरमध्ये गेला.

ते मला फार लागलं. नात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आणि घरातला एक चाकू उघडत नाही?

चाकू आहे ओपिनेल, आठ नंबरचा. फ्रान्सच्या आल्प्स डोंगरांत साव्हुआ नावाचा भाग आहे. तिथल्या एका अवजारं बनवणाऱ्याच्या मुलाने, जोसेफ ओपिनेलने, 1890 साली हा चाकू पहिल्यांदा बनवला. 1897 मध्ये एक ते बारा अशी मापं ठरली. पात्यावर मुकुट आणि तीन बोटं उभारलेला हात असतो, ती खूण 1909 ची. रचना अगदी साधी: बीचच्या लाकडाची मूठ, पातं, एक रिव्हेट, एक पक्कं कडं आणि त्यावर फिरणारं दुसरं कडं. हे फिरणारं कडं 1955 मध्ये आलं, त्याला व्हिरोब्लॉक म्हणतात. पातं उघडून कडं फिरवलं की ते चुकून बोटांवर मिटत नाही. 2000 सालापासूनच्या चाकूंत हेच कडं मिटलेलं पातंसुद्धा अडकवून ठेवतं. आमच्या 1986 च्या चाकूत ती सोय नाही. हे वाक्य लक्षात ठेवा.

कारण माझा पहिला प्लॅन होता सांधा सैल करायचा. पातं बसतं ती खोबण पॉलिश पेपरने थोडी रुंद केली की झालं! पण मग विचार केला, मिटलेलं पातं मिटलेलं ठेवतं कोण? फक्त लाकडाचं घर्षण. ते घालवलं तर चाकू खिशात आपोआप उघडणार, आणि खिसा 84 वर्षांच्या माणसाचा. प्लॅन रद्द.

दुसरा उद्योग मात्र मी विचार न करता केला. धारेला टोकाजवळ दोन बारीक दाते पडले होते. म्हटलं, आधी ते घालवू. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बेंच ग्राइंडरला पातं लावलं. फार तर पाच सेकंद. टोक आधी पिवळं, मग जांभळं आणि बघता बघता मोरपिसासारखं निळं झालं. मी घाईघाईने पाण्यात बुडवलं. वर्कशॉपचे मामा मागे उभे होते. ते एवढंच म्हणाले, "निळं झालं ना? मेलं ते आता."

मटेरियल सायन्सच्या पेपरात हे मी पाठ करून लिहून आले होते, मार्कही मिळाले होते! या पात्यात साधारण 0.9 टक्के कार्बन असतो. असं पोलाद लालभडक तापवून एकदम थंड केलं की ते काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. मग सुमारे 200 अंशांवर पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा कमी करतात, त्याला टेंपरिंग म्हणतात. निळा रंग म्हणजे तापमान जवळजवळ 300 अंशांवर गेलं. तेवढा भाग कायमचा मऊ झाला, त्याला धार लागेल पण टिकणार नाही. आणि पाण्यात बुडवून काही परत येत नाही, कारण पोलाद पुन्हा कडक व्हायला आधी 727 अंशांच्या वर जावं लागतं. धारेकडे धातू इतका पातळ असतो की उष्णतेला पळायला जागाच नसते. म्हणून घरी चाकूवर काम करायचं तर हाताने आणि ओल्या दगडावर. ग्राइंडरच्या वाटेला जाऊ नका.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आजोबांना सांगितलंही नाही. मग तीन संध्याकाळी गच्चीवर बसून धार लावायच्या दगडावर पाणी ओतत निळा भाग पूर्ण घासून काढला आणि टोकाला नवा आकार दिला. 85 मिलिमीटरचं पातं 81 चं झालं.

एवढं झाल्यावर खरा प्रश्न डोक्यात शिरला. सांधा वाईट नव्हताच, आजोबांना पातं *पकडता* येत नव्हतं. उघडायला पात्यावर नखाएवढी खाच असते आणि त्यांच्या नखांत आता जोर नाही. तर मग मुठीलाच दोन्ही बाजूंनी अर्धचंद्रासारखा खळगा करायचा, म्हणजे पातं चिमटीत धरता येईल. कुठे करायचा? रिव्हेटपासून जितकं लांब तितका जोर कमी लागतो. नखाची खाच 40 मिलिमीटरवर होती. 55 वर धरलं तर जोर पाऊण पटच्याही खाली येतो. आणखी पुढे जायचा मोह झाला, पण टोकाकडे पातं निमुळतं होतं आणि धार वर येते. चिमटीत धार आली तर काय उपयोग? पातं मिटून लाकडाची कड पेन्सिलने पात्यावर आखली, मग उघडून त्या रेषेपासून धार किती खाली आहे ते मोजलं. 55 वर 6 मिलिमीटर खोल गेलं तरी धार लाकडात सुरक्षित राहत होती.

कामाआधी पात्यावर मास्किंग टेपचे चार थर गुंडाळा. आळस करू नका, मी एक दिवस केला आणि अंगठ्याला पट्टी लागली. फिरणारं कडं सर्क्लिप प्लायरने थोडं फाकवून काढलं. ते उडतं, म्हणून डोळ्यांना गॉगल. रिव्हेटला हात लावायची गरज नाही. गोल कानशीने दोन्ही खळगे, मग 80, 150, 220 आणि 400 नंबरचा पॉलिश पेपर. मूठ मागच्या बाजूला थोडी चपटी केली, म्हणजे सुजलेल्या बोटांत ती फिरत नाही.

मग पाऊस. चाकू आठवडाभर तांदळाच्या डब्यात ठेवून वाळवला आणि मुठीला जवसाचं तेल लावलं, क्रिकेटच्या बॅटला लावतात तेच. रोज एक पातळ हात, असे पाच दिवस. खोबरेल नको, ते वाळत नाही आणि पुढे खवट होतं. जवसाचं तेल हवेत घट्ट होतं, पण ते होताना उष्णता सोडतं, म्हणून तेलाचा बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटू शकतो. पाण्यात भिजवून मग टाका. सांध्यात आणि कड्याखाली औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन, दोन थेंब.

राहिलं पातं. घासून ते चकचकीत झालं होतं, आणि असं पोलाद आपल्याकडच्या हवेत दोन दिवसांत गंजतं. विळीचं पातं काळं पडलेलं असतं ना, तसा थर मुद्दाम आणायचा. पातं साबणाने धुऊन, कडक कोऱ्या चहात चमचाभर व्हिनेगर घालून दीड तास टांगून ठेवलं, फक्त पातं बुडेल असं. चहातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळं होतं. हिरडा आणि हिराकस घालून जुनी शाई करायचे त्यामागे हीच केमिस्ट्री. पूर्ण गंजरोधक नाही हं! कापून झालं की पुसायला लागतंच.

रविवारी चार वाजता मी पेरू आणि चाकू आजोबांसमोर ठेवला. पहिल्या खेपेला चिमटी घसरली. दुसऱ्या खेपेला पातं उघडलं, कडं फिरलं. त्यांनी चाकू उलटसुलट करून पाहिला, खळग्यात अंगठा फिरवला. मग टोकाकडे बघत थांबले.

"जरा आखूड झालाय का गं?"

मी ग्राइंडरची सगळी गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. पेरू कापला, पहिली फोड माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "जा, तिखट-मीठ घेऊन ये."