घोड्याच्या अंगावरची गाठ: चाकूआधी सुई

घोड्याच्या अंगावर गाठ दिसली की मालक विचारतो, ‘काढायला किती लागतील?’ पण गाठ कसली आहे हे कळेपर्यंत कोणीही सांगितलेला आकडा अंदाजपंचेच असतो. म्हणून पहिला पैसा तपासणीवर घाला.

गाठ तसा खर्च

*खोगिराखालची टणक गाठ:* वरचे केस शाबूत, खाज नाही, दुखत नाही. बहुतेकदा हा इओसिनोफिलिक ग्रॅन्युलोमा असतो. खोगीर घासत नसेल तर तशीच राहू द्या, खर्च शून्य. घासत असेल तर गाठीतच स्टेरॉइड टोचतात. मात्रा जास्त झाली तर खुरांना लॅमिनायटिस होण्याची भीती असते, त्यामुळे सगळ्या गाठी एकदम टोचून घेण्याचा आग्रह धरू नका.

*नाकपुडीच्या वरच्या कोपऱ्यातली गोल गाठ:* ही ॲथेरोमा, म्हणजे पिशवी. श्वास अडत नाही. सुईने नुसता द्रव काढला तर ती पुन्हा भरते आणि पैसे दोनदा जातात. काढायचीच तर पिशवीसकट काढा. घोडा उभा ठेवून, जागा बधिर करून हे जमते, पूर्ण भुलीचा खर्च वाचतो.

*सारकॉइड:* घोड्यांच्या कातडीचा सर्वांत जास्त आढळणारा ट्यूमर. अर्धवट कापला तर जोमाने परत येतो. स्वस्तातली शस्त्रक्रिया इथेच महागात पडते.

*सब्जा घोड्याच्या शेपटीखालच्या काळ्या गाठी:* मेलानोमा. वय वाढलेल्या सब्ज्यांत नेहमी दिसतो. लहान असतानाच दाखवा, वाढल्यावर काढणे अवघड आणि खर्चीकही.

बिलात काय धराल?

डॉक्टरांची फेरी, सुईतपासणी किंवा बायोप्सी, प्रयोगशाळेचे शुल्क, गुंगीचे इंजेक्शन, शस्त्रक्रिया, ड्रेसिंग. प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहून मागा. गाठ परत आल्यास काय आकाराल, हेही आधीच विचारा. जखम भरेपर्यंत खोगीर चढत नाही, तेव्हा माथेरानसारख्या, घोड्यांच्या फेऱ्यांवर पोट असलेल्या ठिकाणी बुडालेली रोजची कमाईही हिशेबात धरा.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात शुल्क नाममात्र असते. फिरत्या पथकासाठी 1962 वर फोन करा. गुंतागुंतीच्या गाठीसाठी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात विचारा.

इथे खर्चाचा विचार नको

पायावर ओळीने गाठी, त्या फुटून चिकट पू, सोबत नाकातून स्राव, ही ग्लँडर्सची लक्षणे असू शकतात. हा रोग माणसालाही होतो आणि प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009च्या कायद्यानुसार तो कळवणे बंधनकारक आहे. उघड्या हाताने जखम पुसू नका, घोडा वेगळा बांधा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्याला कळवा. रोग निश्चित झाल्यास घोड्यावर उपचार करू देत नाहीत, त्याला दयामरण द्यावे लागते, पण भरपाईची तरतूद आहे. तिची चौकशी तिथेच करा.