‘वन पंच मॅन’चा दुसरा सीझन पाहावा का?

प्रश्न : ‘वन पंच मॅन’ या जपानी ॲनिमे मालिकेचा पहिला सीझन खूप आवडला, पण दुसऱ्यातली मारामारी फिकी वाटते. लेखकाची कथाच आटली का? पुढे पाहू की सोडू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : कथा आटलेली नाही, करणारे हात बदललेत. २०१५ चा सीझन मॅडहाउस स्टुडिओत शिंगो नात्सुमे यांनी दिग्दर्शित केला. २०१९ चा जे. सी. स्टाफमध्ये चिकारा साकुराई यांनी. दुसऱ्या सीझनमधली सायबॉर्ग जेनोसच्या धातूच्या हातांवरची चकाकी मलाही खटकते. (पॉलिश जरा जास्तच झालंय!) तरी भित्रा वीर किंगच्या छातीची धडधड आणि वीरांची शिकार करणारा गारो, या दोघांसाठी सोडू नका. चित्रं महत्त्वाची वाटत असतील तर युसुके मुराता यांनी रेखाटलेले मांगा कॉमिक्स वाचा. गारोच्या लढती तिथे खऱ्या रंगतात. मात्र बाराव्या भागात गोष्ट अर्धवट थांबते, याची तयारी ठेवा. पहिल्याची सर नाही, पण टाकाऊही नाही.