आजीच्या रक्तातली चमचाभर साखर

बारामतीहून नीरेच्या रस्त्याला लागले, की थोड्याच अंतरावर माळेगाव बुद्रुक येते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस आणि सहकारी साखर कारखाना, ही या गावाची ओळख. गळीत हंगाम सुरू झाला, की इकडून उसाच्या गाड्यांची रांग आत जाते आणि तिकडून ५० किलोंची साखरेची पोती बाहेर पडतात. अशा गावात उभा जन्म उसाच्या रानात काढलेल्या एखाद्या आजीला डॉक्टर सांगतात, ''साखर बंद!'' आणि त्या दिवसापासून घरातला साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो.

तो डबा आजीच्या चहापासून दूर ठेवायचा, हे बरोबरच आहे. पण केव्हा केव्हा तोच डबा धावत जाऊन खाली काढावा लागतो. ती वेळ कशी ओळखायची?

विद्यार्थी मित्रांनो, आधी एक लहानसे गणित करा. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. उपाशीपोटी रक्ताच्या दर १०० मिलिलिटरमागे साधारणपणे ७० ते १०० मिलिग्रॅम ग्लुकोज असते. १०० धरा. म्हणजे साऱ्या रक्तात मिळून ५ ग्रॅम. चहाचा एक चमचा! हेच प्रमाण पुन्हा तपासूनही १२६ किंवा त्याहून अधिक भरले, तर डॉक्टर मधुमेह झाला असे म्हणतात. १२६ म्हणजे ६.३ ग्रॅम. वाढ किती, तर जेमतेम १.३ ग्रॅमची. इतक्या काट्यावर शरीराचा हिशेब चालतो. (पोत्यातली साखर सुक्रोज असते आणि रक्तातली ग्लुकोज, हे खरे. पण आतड्यात सुक्रोजचे विघटन होऊन त्यातून ग्लुकोज निघतेच. गुळातही मुख्यतः सुक्रोजच असते. तेव्हा 'साखर नको, गुळाचा चहा चालेल' या समजुतीला आधार नाही.)

हा हिशेब ठेवते स्वादुपिंडातून पाझरणारे इन्शुलिन. त्याच्यामुळे ग्लुकोज रक्तातून पेशींत शिरते. इन्शुलिन कमी पडले, किंवा पेशी त्याला दाद देईनाशा झाल्या, की ग्लुकोज रक्तातच साचते.

''पण आमची आजी तर काटकुळी, जन्मभर कष्ट केलेली. तिला हा रोग कसा?'' असे तुम्ही विचाराल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्याच सहा खेड्यांतील माता आणि बालके यांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बालकांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. गंमत अशी, की आपली बाळे हडकुळी दिसली तरी त्यांच्यात स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून बारीक दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह गाठतो, त्याचा एक धागा असा जन्मापर्यंत जातो.

आता साखरेच्या डब्याकडे वळू. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला भाग पाडतात. तुम्ही जेवला की नाही, हे गोळी विचारत नाही. समजा, एकादशी आहे. आजीने नेमाप्रमाणे सकाळची गोळी घेतली आणि कपभर चहावर ती देवळात गेली. अकराच्या सुमारास घरी आली ती घामाने डबडबलेली. हात थरथरताहेत, बोलणे असंबद्ध. नातवाला काकाच्या नावाने हाक मारते. घरातले म्हणतात, ''म्हातारपण! पडू द्या जरा.'' नेमके हेच करायचे नाही. तिच्या रक्तातले ग्लुकोज ७० च्या खाली उतरले असण्याचा संभव आहे, आणि मेंदूला तर जवळजवळ सर्वस्वी ग्लुकोजवरच काम भागवावे लागते. वृद्धांची मूत्रपिंडे मंदावलेली असतात, त्यामुळे गोळीचा अंमलही लांबतो. झोपवलेली आजी झोपेतच बेशुद्ध होऊ शकते.

अशा वेळी तीन चमचे साखर, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून तिला पाजावी. १५ मिनिटे थांबावे. बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच द्यावी. मग भाकरी-दूध असे काही खायला द्यावे, म्हणजे साखर पुन्हा घसरणार नाही. हुशारीत आल्यावरही डॉक्टरांना कळवायचेच, कारण पुढची मात्रा तेच ठरवतील. मात्र आजी शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, पाणीसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जाईल. तिला कुशीवर वळवून तातडीने दवाखाना गाठावा. आणि एकादशी करायचीच असेल, तर गोळीचे काय करायचे ते आदल्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारून ठेवावे. फराळाच्या साबुदाण्याने निभेल असे मानू नये. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट असल्याने साखर एकदम चढवतो.

साखर उतरली आहे हे नक्की कळते ते ग्लुकोमापकाने. बोटाच्या टोकाचा रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला, की तिच्यावरचे विकर ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करते. त्यातून निघालेला सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजून यंत्र आकडा दाखवते. पूर्वी घरोघरी लघवीत बेनेडिक्टचे द्रावण घालून ते तापवीत. निळा रंग हिरवा, पिवळा होत विटकरी झाला, की साखर फार. (तुमच्या प्रयोगशाळेत हे करून पाहा, साध्या साखरेने रंग बदलत नाही, ग्लुकोजने बदलतो.) पण रक्तातले प्रमाण साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय मूत्रपिंडे ग्लुकोज लघवीत सोडत नाहीत. त्यामुळे निळ्या रंगावरून साखर ठीक आहे की धोक्याइतकी उतरली आहे, हे कळायला मार्गच नव्हता.

आजीला इन्शुलिनची सुई असेल, तर उन्हाळ्यात वीज गेल्यावर शीतकपाट निरुपयोगी होते. तेव्हा ओल्या वाळूत ठेवलेले मातीचे मडके उपयोगी पडते. मडक्याच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी बाष्प होताना उष्णता शोषून घेते. आतली कुपी कोरडी ठेवली म्हणजे झाले. बर्फात मात्र कुपी कधी ठेवू नये. गोठलेले इन्शुलिन वाया जाते.

राहिले पाय. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली, की पायांच्या चेतातंतूंची जाणीव जाते. बाभळीचा काटा रुतला तरी आजीला कळत नाही, आणि रक्तपुरवठाही कमी असल्याने जखम चिघळत जाते. कधी बोट, कधी पाऊलच कापावे लागते. तिची नजर अधू, वाकणे होत नाही. तुमची नजर मात्र तीक्ष्ण आहे. रोज रात्री तिचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या दिव्याच्या उजेडात पाहा. अंघोळीचे पाणी तिच्या पायांवर घेण्याआधी तुमच्या कोपराने तपासा, आणि चप्पल पायात सरकवण्याआधी ती उलटी करून झटका. आत खडा असतो.